चौकशीला तिघी जा

(तुमसर तालुक्यातल्या आंबागड इथं महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



फळ्यावर विषय लिहिलाय, ‘आवड आणि कौशल्यानुसार करिअरची निवड’. अक्षर इतकं सुरेख आहे की पुसा म्हणायला जीव होत नाही. पण खरं सांगू, या एका ओळीतला प्रत्येक शब्द मला अडतो. आवड कोणाची? कौशल्य आहे की नाही हे ठरवणार कोण? करिअर हा शब्द आपल्या घरात मुलासाठी वापरतात की मुलीसाठी? आणि निवड तर समोर दोन-चार गोष्टी मांडल्याशिवाय होतच नाही. बाजार उठताना एकच वांगं उरलं आणि ते आपण घेतलं, तर ते निवडून घेतलं असं कोणी म्हणतं का?

म्हणून आधी माझी एक चूक सांगते. भाषण त्या चुकीवरच उभं आहे.

एम.एस.डब्ल्यू. करून मी या पट्ट्यात कामाला लागले तेव्हा माझ्याकडे महिलांच्या स्वयंरोजगाराचं काम होतं. फॉर्मवर यादी छापलेलीच असायची. शिवणकाम, पापड-लोणची, मेणबत्ती, ब्युटी पार्लर. मी ती यादी वाचून दाखवायची आणि ‘तुम्हाला यातलं काय आवडेल?’ असं विचारायची. बाया एकमेकींकडे बघायच्या आणि शिवणकामावर बोट ठेवायच्या. एका गावात शिवणाच्या तीन बॅचेस झाल्या. अहवाल छान झाला, फोटो छान आले. सहा महिन्यांनी गेले तर एका घरी मशीनवर चादर, चादरीवर तांदळाचं पोतं. मी जरा रागानंच विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, गावात पोलके शिवनाऱ्या पंचवीस झाल्या, आन् शिवून घेनाऱ्याबी त्याच पंचवीस. आता एकमेकीचे पोलके उसवून शिवाव का?”

हसता तुम्ही. मीही हसले होते. पण याच्या पुढचं हसण्यासारखं नाही.

त्याच वर्गात बारावी सायन्स झालेली एक मुलगी होती. शिवणात तिचं मन नव्हतं, टाके वाकडे यायचे. पण मशीन बिघडलं की सगळ्याजणी तिलाच हाक मारायच्या. घरच्या मोटरपंपाचा स्टार्टर तिनं दोनदा उघडून दुरुस्त केला होता, बापाच्या नकळत. मी तिला काय म्हटलं असेल? “छान, तुझा दुरुस्तीचा खर्च वाचेल.” माझ्या डोक्यात एवढंच आलं. एकदा तिनं विचारलं, “ताई, आयटीआयमधी पोरींले इलेक्ट्रिशियनले घेतात का?” मी एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “घेत असतील, पण तिथं सगळे मुलगेच असतात. कशाला उगाच?” मी तेच तिला सांगितलं. माहितीपुस्तिका तिनं पाहिली नाही, मीही पाहिली नाही. पायी जाऊन विचारावं असं वाटलं नाही. प्रवेशाची तारीख गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता सासरी ती गल्लीतल्या सगळ्यांचे मिक्सर-पंखे दुरुस्त करून देते. फुकट. शेजारधर्म म्हणून.

आयटीआयच्या त्या कोर्सला मुलींना मनाई कधीच नव्हती. उलट आपल्या राज्यात आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखून ठेवतात. हे मला नंतर कळलं. समाजकार्याची पदवी भिंतीवर टांगलेली असताना मला हे माहीत नसावं, आणि जे माहीत नाही ते विचारायला मी न जावं, याची लाज मला अजून वाटते.

आता तुमचा विषय. आवडीपासून सुरू करू.

२०१६ पासून काही वर्षं आपल्या राज्यात दहावीच्या मुलामुलींची कलचाचणी घेतली गेली. हेतू चांगला होता. वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं होती आणि मुलांचा कल कुठं आहे ते अहवालात यायचं. तुमच्यापैकी काहींच्या मुलींकडे तो कागद असेल, कुठंतरी ट्रंकेत. पण मला सांगा, ज्या मुलीनं लेथ मशीन कधी पाहिलं नाही, प्रयोगशाळेत ज्या पोरीला भांडी धुवायला आणि पोरांना प्रयोग करायला दिला, तिला ‘यंत्र जोडायला आवडेल का?’ या प्रश्नावर काय उत्तर येणार? आवड ही काही बाळाबरोबर पोटातून येत नाही. हात लावल्यावर ती कळते. पुढं २०२० मध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी महाकरिअर पोर्टल आलं. कोर्स, कॉलेज, शिष्यवृत्ती अशी माहिती तिथं ठेवली होती. पण पोर्टल फोनवर, आणि घरातला फोन भावाच्या खिशात. गटातल्या किती बायांच्या मुलींना त्याचं नाव तरी कळलं?

मी आता गटात ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारतच नाही. त्यावर ‘मले काईच येत नाई जी’ हेच उत्तर ठरलेलं. मी विचारते, शेजारीण तुम्हाला कशासाठी हाक मारते? दुसरा प्रश्न, कोणतं काम करताना भूक लागलेली कळत नाही? आणि तिसरा, कोणत्या कामाचा इतका कंटाळा येतो की तुम्ही ते जावेवर ढकलता? हा तिसरा सगळ्यात कामाचा. बायांना कंटाळ्याबद्दल बोलायची कधी परवानगीच नसते, त्यामुळे एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. आणि त्यातून माणूस कळतो.

कौशल्याचंही तसंच. आपल्या भागात रोवणीच्या टोळ्या असतात. एक बाई पुढाकार घेते. कोणाची बांधी किती, पाणी किती चढलंय, पऱ्हे कोवळे आहेत की जून झालेत, किती बाया लागतील, किती दिवस लागतील, हे ती बांधावर उभं राहून सांगते. मालकाशी एकराचा भाव ठरवते. कोण आली, कोण अर्ध्या दिवसानं गेली, कोणाचं पोर आजारी, सगळा हिशेब तिच्या डोक्यात. गुत्त्याचे पैसे आले की कोणाचीही तक्रार न येता वाटून देते. शहरात हे करणाऱ्याला सुपरवायझर म्हणतात, त्याला खुर्ची असते आणि महिन्याचा पगार असतो. आपल्याकडे तिला ‘बोलकी बाई’ म्हणतात. सर्व्हेच्या फॉर्मवर तिच्या नावापुढं आम्हीच लिहितो, ‘शेतमजूर, अकुशल’. असे फॉर्म मी स्वतः शेकड्यानं भरलेत.

तर गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही घ्या आणि प्रत्येकीला जे येतं ते लिहून काढा. शाळेत शिकलेलंच लिहायचं असं नाही. मोहफुलाचं वजन हातावर अचूक सांगणारी, तेंदूच्या पुड्याची पानं मोजणारी, भांडण सोडवणारी, दवाखान्यात डॉक्टरांशी न घाबरता बोलणारी, सगळं लिहा. मुलींचं वेगळं पान करा. आणि ते पान आईनं भरू नये. आईला मुलीचा स्वयंपाक दिसतो, स्टार्टर दिसत नाही.

आता निवड. म्हणजे समोर काय काय मांडलेलं आहे आणि काय झाकून ठेवलंय.

इथून मान वर केली की किल्ला दिसतो. तीनशे वर्षांपूर्वीचा, देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळातला. भोसल्यांच्या राज्यात त्याचा तुरुंग झाला होता. सहलीला येणारे लोक तो बघून जातात. पण आपल्या मुलींच्या दृष्टीनं बघण्यासारखी जागा दुसरीच आहे, याच तालुक्यातली. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. चिखल्याची मँगनीजची खाण जमिनीखालची, डोंगरीची उघडी. डोंगरीच्या खनिजाचा उपयोग बॅटरीच्या सेलमध्ये होतो, म्हणजे तुमच्या टॉर्चमध्ये आपल्याच तालुक्याचा दगड असू शकतो. या पट्ट्यात इंग्रजांच्या काळापासून मँगनीज निघतं. दगड फोडायला, खनिज निवडायला, टोपल्यानं वाहायला बाया होत्या. तुमच्यापैकी काहींच्या आज्या असतील.

मग खाणीतल्या नोकरीचं नाव काढलं की मुलींच्या यादीत ती का येत नाही? इथं नुसती रूढी नव्हती, कायदा होता. जमिनीखालच्या खाणीतून बायांना १९२९ पासून टप्प्याटप्प्यानं बाहेर काढलं आणि १९३७ पर्यंत बंदी पूर्ण झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडायला लागला तेव्हा १९४३ मध्ये कोळसा खाणींपुरती ती बंदी उठली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये परत घातली. गरज होती तेव्हा बाईचं अंग अंधार सोसू शकत होतं आणि गरज संपल्यावर ते नाजूक झालं. मग १९५२ चा खाण कायदा आला. त्याच्या कलम ४६ नं बाईला जमिनीखाली मनाई केली, आणि जमिनीवरही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच काम. यामागं बायांच्या आरोग्याची काळजी होती हे मी नाकारत नाही. त्या खाणी भयंकर होत्या. पण खाण सुधारा असं म्हणण्याऐवजी बाई काढा असं म्हणणं सोपं पडलं.

याची झळ कुठपर्यंत लागते बघा. नागपुरात वैज्ञानिक म्हणून काम करणाऱ्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांचं नाव काहींनी वाचलं असेल. त्यांनी खाणकामातला डिप्लोमा केला आणि त्यांना पदवी करायची होती. जिथं कायदाच बाईला खाणीत उतरू देत नाही, तिथं मुलीला हा अभ्यासक्रम कसा द्यायचा, असा प्रश्न उभा राहिला. त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९९ मध्ये त्या पदवीधर झाल्या, खाण अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या देशातल्या पहिल्या स्त्री. लांबची गोष्ट नाही ही, आपल्या नागपूरची.

पुढं २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं अधिसूचना काढून हा नियम सैल केला. उघड्या खाणीत बायांना रात्रपाळीही करता येईल, आणि जमिनीखाली सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात तांत्रिक, देखरेखीची आणि व्यवस्थापनाची कामं करता येतील. २०२१ मध्ये झारखंडच्या बडकागावची आकांक्षा कुमारी ही कोळशाच्या भूमिगत खाणीत अभियंता म्हणून रुजू झाली. आणि नोव्हेंबर २०२५ पासून ज्या नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत बाईची संमती असेल आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर भूमिगत खाणीसकट सगळ्या प्रकारच्या कामांना आणि रात्रपाळीला परवानगी आहे. या संहितांबद्दल कामगार संघटनांचे पुष्कळ आक्षेप आहेत आणि त्यातले काही मलाही पटतात. तो वाद वेगळा घालू. पण ‘खाणीत मुलींना घेत नाहीत’ हे वाक्य आता कोणी म्हणालं तर तेवढ्यावर घरी परतायचं नाही.

२०१९ च्या त्या अधिसूचनेतली एक अट मला फार आवडली. एका पाळीत किमान तीन स्त्रिया असल्या पाहिजेत. अट घालणाऱ्यांच्या मनात सुरक्षितता असणार. माझ्या मनात आलं, म्हणजे एका गावातून एकच मुलगी शिकून भागायचं नाही. आपली चौकशीची पद्धत त्यावरूनच बेतली आहे, ती पुढं सांगते.

दुसरी गोष्ट त्या शब्दांत लपली आहे. तांत्रिक, देखरेखीची, व्यवस्थापनाची. टोपली वाहणारीला तेव्हाही आत सोडलं नाही. आजी खाणीवर अंगठा देऊन काम करायची, नातीला प्रमाणपत्र लागेल. खाण अभियांत्रिकीचा डिप्लोमा आहे. आयटीआयमधले इलेक्ट्रिशियन, फिटर असे कोर्स आहेत. खाणीत मेट, ब्लास्टर, फोरमन अशा जागांसाठी खाण सुरक्षा महानिदेशालयाची प्रमाणपत्रं लागतात. जागा निघतील तेव्हाच निघतात, मी काही नोकरीचं आश्वासन देत नाही. आणि खाण गोड आहे असंही सांगत नाही. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर मज्जासंस्थेला इजा होते, हात थरथरतात, चाल बिघडते. म्हणून चौकशीत धुळीबद्दलही विचारायचं. बाईनंच नाही, आपल्या भावांनीही विचारायला पाहिजे होतं.

झाली ती कायद्यानं लावलेल्या कुलपाची गोष्ट. पण पुष्कळ दारांना कुलूप नसतंच. सुरेखा यादव साताऱ्याच्या. कराडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेची जाहिरात पाहिली आणि अर्ज भरला. परीक्षेला गेल्या तर बाया कोणीच नाहीत, या एकट्या. नियमात कुठं लिहिलं नव्हतं की इंजिन चालवायला पुरुषच हवा. फक्त तोपर्यंत कोणी बाई आलीच नव्हती. १९८९ मध्ये त्या सहाय्यक चालक झाल्या, देशातल्या पहिल्या. २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर ते मुंबई वंदे भारत चालवली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. छत्तीसेक वर्षांची नोकरी, एका जाहिरातीच्या कात्रणावरून.

आणि तिसरी तऱ्हा सगळ्यात मजेशीर. मुलगी दहावी नापास झाली की आपण म्हणतो, पार्लरचा कोर्स कर, बायकांचं काम आहे. पण मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअपचं काम पुरुषांसाठी राखलेलं होतं. तिथल्या संघटनेच्या नियमानं बाईला फक्त केस करण्याचं कार्ड मिळायचं, मेकअपचं नाही. चारू खुराना आणि इतर जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं तो भेद बेकायदा ठरवला. म्हणजे तेच काम गल्लीत बायकांचं आणि जिथं पैसा आहे तिथं पुरुषांचं! स्वयंपाकाचं बघा ना. घरी बाई, लग्नाच्या मांडवात आचारी.

मला कोणी विचारतं की मग नर्स, शिक्षिका, अंगणवाडी ही कामं वाईट का? अजिबात नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं पुण्यात विधवा बायांना नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा लोकांनी तोंडं वाकडी केली होती. तेव्हाचं धाडस आज शिरस्ता झालंय. ज्या मुलीला खरोखर रुग्णसेवेत रस आहे तिनं नर्सच व्हावं. पण सरसकट सगळ्या मुली त्याच तीन दारांशी रांगेत उभ्या राहिल्या, तर त्या दारांमागचा पगार कधी वाढत नाही.

पगारावरून आठवलं. चौकशीत पहिला प्रश्न हा ठेवा: पगार आहे की मानधन? अंगणवाडी १९७५ मध्ये सुरू झाली, आशा २००५ मध्ये. दिवसभराचं काम, रात्री-बेरात्री बोलावणं, आणि नाव ‘स्वयंसेविका’. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं सांगायला २०२२ साल उजाडलं. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून भरती होते, त्यासाठी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा कोर्स लागतो. तिथंही पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन असतं, पण पुढं तंत्रज्ञ म्हणून कायम होता येतं. दोन्हीकडे मानधन, पण एका ठिकाणी पुढं कायम होण्याची ठरलेली पायरी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तशी नाही. हा फरक जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो. आणि हो, महावितरणमध्ये आज बाया खांबावर चढून लाइन दुरुस्त करतात. माझ्या त्या मुलीला मी हे दाखवू शकले असते.

आता पद्धत. गेल्या वर्षापासून आम्ही असं करतो. एका मुलीच्या चौकशीला तिघीजणी जातात. ती स्वतः, तिच्याच वयाची दुसरी मुलगी, आणि गटातली एक मोठी बाई. मोठी बाई शिकलेलीच हवी असं नाही, न लाजणारी हवी. एकटीला खिडकीवरून ‘नंतर या’ म्हणून परत पाठवतात, तिघींना पाठवायला त्यांनाही जड जातं. शिवाय परतताना एसटीत तिघींची बोलणी होतात आणि दुसऱ्या मुलीच्याही मनात काहीतरी पडतं.

कुठं जायचं? आयटीआयमध्ये जायचं, पण कार्यालयातून परत यायचं नाही. कार्यशाळा दाखवा म्हणायचं. मुलीला हात लावून बघू द्या म्हणायचं. भंडाऱ्याला जिल्हा कौशल्य विकास व रोजगार कार्यालय आहे, जुन्या बाया त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतात, तिथं जायचं. आणि ते काम रोज करणारी एक तरी व्यक्ती गाठायची, शक्यतो बाई. तिला कोर्सबद्दल कमी विचारा, दिवसाबद्दल जास्त विचारा. किती वाजता घर सोडता? परतायची शेवटची गाडी किती वाजता? तिथं बायांचं संडास आहे का, आणि त्याला आतून कडी आहे का? पाळीच्या दिवसांत काय करता? हातात किती येतात, आणि कागदावर किती? बाळंतपणाची रजा पगारी का? वरचा साहेब त्रास देत असेल तर तक्रार कुठं करायची, तक्रार समिती आहे का? पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल? हे शेवटचं विचारलं की काही जणी गप्प होतात. त्या गप्प बसण्यातूनही माहिती मिळते.

जाहिरात स्वतः वाचायची. मामा म्हणाले, सरांनी सांगितलं, व्हॉट्सॲपवर आलं, यावर चालायचं नाही; मी चालले होते, फळ तुम्हाला सांगितलं. शिक्षण, वय, शेवटची तारीख आणि महिलांच्या जागा या चार गोष्टींवर पेन्सिलीनं खूण करायची. १९९४ च्या महिला धोरणापासून राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आहे, ते प्रत्येक जाहिरातीत शोधायचं. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर उठून यायचं, मग तो नात्यातला का असेना.

कागदांचं मात्र आधी बघा. इथंच जास्त मुली गळतात. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूचा लागतो. सून असलेल्या बाईला त्यासाठी माहेरी जावं लागतं, आणि माहेरी भाऊ विचारतो, आता कशाला? जमिनीचा हिस्सा मागायला आली की काय, असं त्याला वाटतं. जातवैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, जाहिरात निघाल्यावर धावून काही होत नाही. लग्नात नाव बदललं असेल तर शाळेचा दाखला एका नावाचा आणि आधार दुसऱ्या नावाचं. लग्नात हौसेनं तांदळावर अंगठीनं लिहिलेलं ते नाव पुढं नोकरीच्या आड येतं. माझं ऐकाल तर मुलींनो, नाव बदलूच नका. पण बदललंच असेल तर राजपत्रातली नोंद आधी करून घ्या.

फीचं कारण घरात पुढं येतं, त्याचंही एक उत्तर आहे. २०२४-२५ पासून राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक पदवी शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. फी माफ झाली तरी खोलीभाडं, मेस आणि गाडीभाडं उरतंच, आणि मुलीचं शिक्षण पुष्कळदा तिथंच अडतं. बचत गटाचं कर्ज म्हशीला मिळतं, मुलीच्या पहिल्या वर्षाच्या मेसला का मिळू नये? तुमच्या गटात हा ठराव मांडून बघा. वाद होईल. होऊ द्या.

परवा एका आईनं मला तोंडावर सांगितलं, “ताई, तुमी पोरीच्या डोक्यात भरवून जाता, लग्नाले नकार मीच ऐकतो.” तिचं खोटं नाही. मुलीच्या चौकशीची किंमत पुष्कळदा आई मोजते. सासू तिला बोलते, नवरा तिला बोलतो. म्हणून तिघींतली तिसरी बाई ही त्या मुलीची आई नसावी, असं आम्ही ठरवलं आहे. घरी रागावायची वेळ आली तर बोल गटानं ऐकायचा. ‘आम्ही नेलं होतं तिला’ असं सांगायला कोणीतरी बाहेरची बाई पाहिजे.

मघाशी पाणी पिताना एकीनं विचारलं, माझं वय बेचाळीस, माझं काय? ताई, वयाच्या अटी सरकारी नोकरीला आहेत. तुमची वही आधी भरू या. रोवणीची टोळी चालवणारीला गटाची धान खरेदी का चालवता येऊ नये? त्याला काय परवाना लागतो, वजनकाटा कुठून आणायचा, तुमसरच्या बाजारात कोणाशी बोलायचं, ही चौकशीही तिघींनीच करायची आहे. त्यावर मी आज बोलत नाही, कारण मी ती अजून केलेली नाही. मागच्यासारखं ऐकीव सांगणार नाही.

पुढच्या बुधवारी सकाळच्या गाडीनं तुमसरच्या आयटीआयला जायचं आहे. आतापर्यंत दोन मुलींची नावं आली आहेत, एक डिझेल मेकॅनिकची चौकशी करणार आहे, एकीला काय हवं ते अजून ठरलेलं नाही. ठरलं नसलं तरी चालेल, बघायलाच जायचंय. तिसरी मोठी बाई कोण येणार ते चहानंतर सांगा. वही दाराजवळ ठेवली आहे. दाखले मूळ आणा, झेरॉक्स तिथं काढू.